माधवीची वेल : रानातली, मांडवावरची आणि सातासमुद्रापारची

वेल हा शब्द मराठीत इतका घरगुती होऊन बसला आहे की, वेलीला स्वतःचा काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादात वंशवेल वाढते, परसात घोसाळ्याची वेल कुंपणावर चढते, आणि नवे घर बांधले की फाटकावर काहीतरी फुलते राहावे म्हणून हौसेने एखादी वेल लावली जाते. त्या फाटकावरच्या वेलीचे नाव विचारावे, तर बहुधा उत्तर येते, 'मधुमालती'. नाव मोठे गोड. थेट एखाद्या संस्कृत नाटकातून उचलल्यासारखे. वेल मात्र त्या नाटकातली नव्हे.

ही फाटकावरची मधुमालती म्हणजे रंगूनची वेल. संध्याकाळी पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि मग लालभडक होऊन लोंबत राहते. डच कंपनीच्या चाकरीत अंबोइना बेटावर आयुष्य घालवलेला रम्फियस नावाचा जर्मन गृहस्थ होता. त्याने तिकडच्या वनस्पतींवर प्रचंड ग्रंथ लिहिला. १६७० साली त्याची दृष्टी गेली, तरी त्याने काम सोडले नाही; ग्रंथ मात्र छापून निघाला तो १७४१ पासून पुढे, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. या रंग आणि रूप बदलणाऱ्या वेलीला त्याच्याकडून लॅटिन नाव मिळाले त्याचा अर्थ आहे, 'कोण? कसली?' ज्या वेलीचे शास्त्रीय नाव शेदीडशे वर्षांहून अधिक काळ नुसता प्रश्न होते, तिला आपण कवींच्या लाडक्या वेलींची नावे देऊन टाकली, आणि खरी माधवी कोणती हे विसरून गेलो. या दिवाळीत वाचकांना सांगायचे आहे ते त्या विसरलेल्या वेलीबद्दल.

माधवी कशी ओळखावी?

माधवीला मराठीत हळदवेल असेही म्हणतात. सह्याद्रीच्या घळींत, कोकणच्या उतारांवर आणि मध्य भारतातल्या नाल्याकाठच्या रानांत ती आपोआप वाढते. खोड जुने झाले की मनगटाएवढे, कधी त्याहूनही जाड होते. पाने समोरासमोर, लांबट आणि तुकतुकीत, पालवी तांबूस. माघापासून चैत्रापर्यंत तिच्यावर फुलांचे घोस येतात. फूल पांढरे, त्यात गुलाबी छटा. पाच पाकळ्या, त्यांच्या कडा जणू कोणी कात्रीने बारीक झालर कापून काढल्यासारख्या. आणि पाचांपैकी एका पाकळीवर हळदीचे बोट टेकवल्यासारखा पिवळा डाग. केसर दहा, त्यांतला एक बाकीच्यांहून चांगलाच लांब. वास असा की, वेल दिसण्याआधी ती जवळपास आहे हे कळते.

फूल गळून गेले की खरी गंमत सुरू होते. माधवीच्या फळाला तीन पंख असतात, मधला लांब आणि बाजूचे दोन आखूड. वाळलेले फळ वाऱ्यावर सुटले की भिंगरीसारखे गरगरत दूर जाऊन पडते. मुलांना दिवाळीत भुईचक्र जेवढे आवडते तेवढेच हेही आवडेल. शिवाय हाताला चटका बसत नाही!

अमरकोशात या वेलीची नावे दिली आहेत : अतिमुक्त, पुंड्रक, वासंती, माधवी. अतिमुक्त म्हणजे शुभ्रपणात मोत्याला मागे सारणारी, असा अर्थ लावतात. वासंती आणि माधवी ही दोन्ही नावे वसंताची. नावांची ही श्रीमंती उगाच येत नाही. ज्या वस्तूशी माणसांचा रोजचा संबंध असतो तिलाच चार नावे मिळतात.

रामटेकपासून पुण्यापर्यंत

आम्हां विदर्भातल्या लोकांना या वेलीबद्दल थोडा अधिक अभिमान वाटावा असे एक कारण आहे. मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर दिवस कंठत होता तो रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, हे मत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी प्रमाणांनिशी मांडले. मिराशी जन्मले १८९३ साली कोकणातल्या कुवळे गावी, आणि त्यांची विद्वत्ता बहरली नागपुरात. कोकणच्या मातीतले रोप वैदर्भीय मांडवावर चढले, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. हा यक्ष मेघाला आपल्या अलकेतल्या घराची खूण सांगतो तेव्हा तो बागेतल्या माधवीच्या मांडवाची आठवण काढतो. त्या मांडवाभोवती कोरांटीचे कुंपण आहे, आणि जवळच तांबडा अशोक व बकुळ आहेत. विरही माणसाला घर आठवते म्हणजे काय आठवते? दार, अंगण, आणि अंगणातली वेल. दीड हजार वर्षांत यात फारसा फरक पडलेला नाही.

शाकुंतलात वेलीचे काम याहून मोठे आहे. पहिल्या अंकात झाडांना पाणी घालणाऱ्या आश्रमकन्या पाहून दुष्यंताच्या मनात येते की, रानातल्या वेलींनी आज उद्यानातल्या वेलींवर मात केली. शकुंतलेने एका नवमालिकेला 'वनज्योत्स्ना' असे नाव दिले आहे, आणि त्या वेलीने आम्रवृक्षाला स्वतःहून वरले आहे असे सखी कौतुकाने सांगतात. चौथ्या अंकात सासरी निघालेली शकुंतला या वेलीला बहिणीसारखी मिठी मारून निरोप घेते. हे सर्वांना आठवते. पण सहावा अंक सहसा कोणी आठवत नाही. तेथे दुष्यंत पश्चात्तापाने पोळलेला आहे आणि राजवाड्याच्या प्रमदवनात येऊन बसला आहे. बसला आहे कोठे? तर माधवीच्या मांडवात. रानवेलीचे कौतुक करून तिला रानातून उपटणारा आणि मग ओळख विसरणारा राजा शेवटी उद्यानवेलीच्या सावलीत रडत बसतो. कालिदासाने यावर भाष्य केलेले नाही. ते प्रेक्षकांनी आपल्या मनाशी करायचे आहे.

मराठी प्रेक्षकांना ही संधी मोठ्या थाटाने मिळाली ती ३१ ऑक्टोबर १८८० रोजी. दिवाळी दोन दिवसांवर आली होती. पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग केला. त्या दिवशी चारच अंक झाले; म्हणजे पडदा पडला तो शकुंतलेच्या पाठवणीवर. मराठी संगीत रंगभूमीच्या वैभवाचा आरंभ एका मुलीने आणि एका वेलीने एकमेकींचा निरोप घेण्याने झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

साहेबांच्या वहीत माधवी

कवींनी लाड केलेली ही वेल शास्त्रज्ञांच्या वहीत शिरली ती समुद्रकिनाऱ्यावरून. कोचीनचा डच अधिकारी व्हान र्‍हीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ तयार करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याला साहाय्य करणाऱ्यांत तीन कोंकणी वैद्य होते : रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट. त्यांनी १६७५ साली दिलेला दाखला ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापला आहे, आणि तो कोंकणीत, नागरी लिपीत आहे. ज्या काळी इकडे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला जेमतेम वर्ष होत होते, त्या काळी आपल्या किनाऱ्यावरची तीन माणसे झाडापाल्याचे आपले ज्ञान परक्या ग्रंथासाठी सांगत होती, आणि त्याखाली आपल्या लिपीत साक्ष घालत होती. या ग्रंथाच्या सहाव्या खंडात माधवीचे चित्र आहे. मलबारात ती सीतेच्या नावाने ओळखली जाते.

पुढे लिनिअसने १७५३ मध्ये तिला एका अमेरिकी कुळात घातले. मग कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींची मोठी रंगीत चित्रे प्रसिद्ध करणाऱ्या रॉक्सबर्गने तिला वेगळेच नाव दिले. त्यापूर्वीच, १७९० मध्ये गेर्टनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने तिचे तीन पंखांचे फळ पाहून 'उडणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'हिप्टाजे' हे कुलनाव ठेवले होते. त्याने पुढे जोडलेले नाव होते 'मदबलोता'. हे काय प्रकरण आहे? मोठ्याने म्हणून पाहावे, म्हणजे कळेल. ती आपली 'माधबीलता'. बंगाली जिभेवरून युरोपी कानात गेलेली! आज शास्त्रात तिचे नाव 'हिप्टाजे बेंगालेन्सिस' आहे. मदबलोता मागे पडली.

कलकत्त्याचा न्यायाधीश सर विल्यम जोन्स याने १७८९ मध्ये शाकुंतलाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि त्याच माणसाने भारतीय वनस्पतींना त्यांची देशी नावेच ठेवावीत असा आग्रहही धरला. कालिदासातली झाडे प्रत्यक्ष कोणती हे तो पंडितांना विचारून शोधत असे. त्याचे शास्त्रीय मोल काही असो. नाव गेले की ओळख जाते, हे त्या परक्या माणसाला कळले होते. आपण मात्र आपल्या फाटकावर उभे राहून माधवीचे गोत्र रंगूनच्या वेलीला लावतो.

वेलींचा दुसरा हिशेब

येथवर वेलीचा हिशेब कवींच्या आणि पंडितांच्या बाजूने झाला. आता चांद्याच्या जंगलाकडे वळले पाहिजे. कारण तेथे वेलीकडे पाहण्याची रीत अगदी वेगळी आहे.

१८६१ मध्ये मध्यप्रांत तयार झाला. १८६४ मध्ये ब्रँडिस हा हिंदुस्थानच्या जंगलखात्याचा पहिला मुख्य अधिकारी झाला. पुढे १८७८ चा जंगल कायदा आला. आलापल्लीचा साग नावाजला गेला. तो इतका की, अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये सागाचे लाकूड आमच्या याच मुलखातून वाजतगाजत गेले. अशा सागाला वेल म्हणजे शत्रू. वेल खोडाला विळखा घालते, तो विळखा लाकडात रुतून खोबण पडते. शेंड्यावर पसरून ती उन्हाला आडवी येते. आणि चार झाडांना एकत्र बांधून ठेवल्यामुळे एक झाड तोडले की शेजारची दोन मोडून पडतात. म्हणून जंगलखात्याच्या कामाच्या आराखड्यांत 'वेली तोडणे' हे कलम पक्केच असे. कवीने जिला नववधू म्हटले, तिच्या बुंध्यावर कोयता चालवणे हे रानात कर्तव्य ठरले.

रानात राहणाऱ्या माणसांचा हिशेब तिसराच. गडचिरोलीच्या रानात माहूल नावाची अजस्र वेल आहे. तिचे पान मधोमध दुभंगलेले, आपट्याच्या पानाचे थोरले भावंड शोभावे असे. या पानांच्या पत्रावळी होतात, सालीचे दोर वळतात, शेंगांतल्या बिया भाजून खातात. शिमग्याच्या सुमारास पळसासारखीच केशरी, पण आकाराने थोर फुले घेऊन पळसवेल झाडांच्या शेंड्यांवर पेटते. गोंड-माडिया माणूस वेलीला वधूही म्हणत नाही आणि शत्रूही म्हणत नाही. तो लागेल तेवढी कापतो आणि मूळ राखतो.

यांपैकी खरे कोणाचे? डार्विनने १८६५ मध्ये वेलींच्या हालचालींवर प्रबंध लिहिला. वेलीचा कोवळा शेंडा हवेत हळूहळू गोल फिरत आधार शोधतो आणि काही अडकले की त्याला वळसा घालतो, हे त्याने तासन् तास बसून मोजले. वेलीला झाडावर प्रेम नाही आणि वैरही नाही. तिला ऊन पाहिजे. स्वतःचे खोड जाड करण्याचा खर्च ती वाचवते आणि दुसऱ्याच्या खांद्यावर चढून उजेड गाठते. आता हा खांदा थोराड झाडाचा असला तर निभते. कोवळ्या झाडाचा असला तर झाड दबते.

मांडव ही माणसाची युक्ती येथे उपयोगी पडते. कवीला फुले हवीत, वनरक्षकाला झाड हवे. मांडव दोघांचेही समाधान करतो. त्यात आधार दिलेला असतो, आणि मर्यादाही घातलेली असते. यक्षाच्या बागेत माधवी झाडावर न चढवता मांडवावर चढवली होती, ती उगाच नव्हे.

मॉरिशसची गोष्ट

मर्यादा सुटली म्हणजे काय होते, ते पाहायला समुद्र ओलांडला पाहिजे.

१८३४ पासून हिंदुस्थानातले मजूर कराराने मॉरिशस बेटावर उसाच्या मळ्यांत जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि सावंतवाडीकडची मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात. गणपती बसवतात, मराठी शिकतात. परक्या भूमीत ती माणसे रुजली आणि त्या भूमीची झाली.

त्याच बेटावर आणि शेजारच्या रेयुनियन बेटावर माधवीही गेली. ती माणसांच्या पोटासाठी गेली नाही. बागेची शोभा म्हणून नेली गेली. पण बागेत राहिली नाही. तीन पंखांची फळे वाऱ्यावर सुटली आणि रानात जाऊन पडली. त्या बेटांवरचे मूळचे रान आधीच तोडीमुळे थोडके उरलेले, चक्रीवादळांनी जागोजाग मोडलेले. उघड्या पडलेल्या जागी माधवी शिरली, आणि तिने झाडांवर अशी गोधडी पांघरली की खालची झाडे उन्हावाचून मरू लागली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या तज्ज्ञांनी २००० साली जगातल्या शंभर अत्यंत उपद्रवी परकीय जीवांची यादी प्रसिद्ध केली. तीत उंदीर आहे, जलपर्णी आहे, घाणेरी आहे, आणि कालिदासाची माधवीही आहे!

हे वाचून मनाला चुटपुट लागते. ती लागू द्यावी. आपले ते सगळे चांगले आणि परके ते वाईट, असा सोपा नियम घेऊन बागेत जाणाऱ्याला माधवी निरुत्तर करते. इकडे घाणेरी अमेरिकेतून आली आणि आपली कुरणे खाऊन बसली. तिकडे आपली माधवी जाऊन तेच करते आहे. उलट फाटकावरची बोगनवेल ब्राझीलची. फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हीलबरोबर निघालेल्या कोमेर्सों या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती ती रिओ येथे लागली, आणि पुढे तो मॉरिशसमध्येच १७७३ साली मरण पावला. ही बोगनवेल आपल्याकडे दीडशे वर्षे मुकाट्याने फुलते आहे. वेल मुळात सुष्ट किंवा दुष्ट नसते. जेथे तिच्याबरोबर वाढलेली थोर झाडे आहेत, तिच्यावर जगणारे किडे आहेत, आणि गरजेपुरती कापणारी माणसे आहेत, तेथे ती घरची असते. हा गोतावळा मागे टाकून तिला एकटीला उचलून नेले, की तीच वेल फास होते.

घुग्घुसच्या अंगणात

आता थोडे आमच्या गावाविषयी. घुग्घुस वर्धा नदीच्या खोऱ्यातले, कोळशाचे गाव. कोळसा हेही एक जुने रानच आहे. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी येथे जी झाडे वाढली आणि दलदलीत गाडली गेली, त्यांचा हा कोळसा. या खडकांना जगभर 'गोंडवन' म्हणतात, ते आमच्या गोंडांच्या मुलखावरून. त्या रानात जिभेच्या आकाराच्या पानांची झाडे होती, पण फूल एकही नव्हते. पृथ्वीवर फूल उमलायला अजून कोट्यवधी वर्षे होती. बिनफुलांच्या रानावर आम्ही घरे बांधली आहेत. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स स्थापन झाली, गावाला पगार मिळाला, आणि पानापानावर काळी धूळही मिळाली. ऑगस्ट २०२२ मध्ये गावातल्या एका वॉर्डात जुन्या भूमिगत खाणीची पोकळी ढासळून एक राहते घर जमिनीत गडप झाले. घरची माणसे वाचली. आजूबाजूच्या अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्या वॉर्डाचे नाव 'आमराई' आहे.

अशा गावात कोणी माधवी लावू म्हणेल, तर त्याला हसू नये. कोकणातल्या बहिणीने किंवा मेव्हण्याने लावली तर ती सहज येते. जांभ्याची माती पाणी धरून ठेवत नाही, हवा दमट असते. शेणखत आणि पालापाचोळा घालून मृगाच्या तोंडावर रोप लावले की झाले. एवढीच काळजी घ्यावी की समुद्राचा खारा वारा थेट अंगावर येऊ नये, आणि मांडव लोखंडी तारेचा नसावा; खाऱ्या हवेत तार गंजते आणि नेमकी वेल भरात असताना तुटते. बांबूचा मांडव दर दोन-तीन वर्षांनी बदलावा, किंवा चिऱ्यांचे खांब उभारावेत. ताजी बी रुजते. पावसाळ्यात गुटी बांधली तर फूल लवकर दिसते.

आमच्याकडे मेहनत अधिक. काळी माती पावसात चिखल होऊन मुळे कुजवते आणि उन्हाळ्यात भेगाळून तीच मुळे तोडते. म्हणून खड्ड्यात मुरूम आणि वाळू मिसळावी, आळे थोडे उंच करावे, आणि पारा ४७ अंशांकडे जाऊ लागला की बुडाशी पाचोळ्याचा जाड थर द्यावा. संध्याकाळी पानांवर पाणी मारून धूळ धुवावी. आधाराला मांडव नसेल तर जुना, थोराड आंबा किंवा कडुनिंब चालेल. कोवळ्या झाडावर मात चढवू नये. मांडवाबाहेर जाणारे शेंडे वेळच्या वेळी खुडावेत.

आणि एक गोष्ट दिवाळीची म्हणून सांगतो. घराची साफसफाई चालू असते, हातात कात्री असते, आणि अंगणातली वेल अस्ताव्यस्त वाढलेली दिसते. त्या वेळी माधवीला हात लावू नका. माघातले फूल याच सुमाराच्या फांद्यांवर यायचे असते. आता छाटलेली प्रत्येक फांदी म्हणजे वसंतातला एक घोस कमी. छाटणी करायची ती बहर संपल्यावर, वैशाखात. दिवाळीला माधवीवर एकही फूल नसेल. पणती तिच्या बुडाशी ठेवा. फुलांची वाट आणखी तीन महिने पाहायची आहे. आणि फाटकावर रंगूनची वेल फुललेली असेल, तर तीही राहू द्या. फक्त मुलांनी विचारले की तिचे खरे नाव सांगा, आणि माधवीचे नाव माधवीसाठी राखून ठेवा.